बुटक्या घोड्यांना घर शोधताना

अमेरिकेतील एखाद्या ग्रामीण काउंटीत शेरीफच्या पथकाने शेतावर छापा घातला, गुडघाभर शेणात उभे असलेले तीस-चाळीस बुटके घोडे ताब्यात घेतले आणि मालकावर प्राणीछळाचा गुन्हा दाखल केला, अशा बातम्या तेथील स्थानिक वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. सोबतच्या छायाचित्रात बरगड्या मोजता येतील असा एखादा घोडा आणि वाढून वर वळलेले त्याचे खूर दिसतात. वाचक हळहळतात, काही जण देणगी पाठवतात आणि बातमी तिथे संपते. ज्या संस्थांच्या अंगावर हे घोडे येऊन पडतात त्यांचे काम मात्र त्याच दिवशी सुरू होते. जप्ती एका दिवसात उरकते. घोडा अंगाने भरून यायला काही महिने लागतात, खटला कधी वर्ष-दोन वर्षे रेंगाळतो, आणि घर मिळालेच तर त्या घरात त्याला पुढची पंधरा-वीस वर्षे काढायची असतात.

उंचीने लहान म्हणून सांभाळायला सोपा, या एका समजुतीने या घोड्यांचे दोनदा नुकसान केले आहे. याच समजुतीपायी ते हौशी लोकांच्या अंगणात गेले आणि हालात सापडले. सुटका झाल्यानंतर घर शोधताना तीच समजूत पुन्हा आडवी येते.

घोडाच, फक्त ठेंगणा

अमेरिकेत ‘मिनिएचर हॉर्स’ या नावाने ओळखला जाणारा हा घोडा म्हणजे तट्टाचे पिल्लू नव्हे आणि वाढ खुंटलेला घोडाही नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याची उंची घटवत आणलेली आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमानुसार त्याची उंची ३४ इंचांहून, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटरहून अधिक असता कामा नये. जेवणाच्या टेबलापेक्षा तो चार बोटे उंच भरेल इतकेच. इतर घोड्यांची उंची खांद्याच्या उंचवट्यापाशी मोजतात. याची मात्र आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथपर्यंत मोजतात. वजन बहुधा ७० ते ११० किलोच्या दरम्यान असते. आयुष्य मात्र थोरल्या भावंडांपेक्षा कमी नाही. पंचवीस-तीस वर्षे सहज, आणि नीट निगा राखली तर त्याहूनही अधिक.

त्याच्या रक्तात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील तट्टांचा मोठा वाटा आहे. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत जमिनीखाली राबवण्यास मनाई झाली. मुलांनी ओढलेले कोळशाचे गाडे मग ओढायचे कोणी? बुटक्या बोगद्यांत मावणारी ही तट्टे त्या कामी जुंपली गेली आणि त्यांची मागणी वाढली. पुढे अमेरिकेतील खाणींसाठीही ती जहाजांतून नेण्यात आली. दक्षिणेकडे अर्जेंटिनात एकोणिसाव्या शतकात फालाबेला घराण्याने बुटक्या घोड्यांची स्वतंत्र पैदास सुरू केली. यंत्रे आल्यावर खाणीतले काम संपले. उरले ते शोभेचे जनावर.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत या शोभेला अमेरिकेत चांगला भाव आला. नामांकित वंशाच्या घोड्याला हजारो डॉलर पडत. थोडी जमीन आणि दोन-चार घोड्या असल्या की दरवर्षी शिंगरे विकून पैसा मिळेल, या हिशेबाने अनेकांनी पैदाशीत उडी घेतली. जितका लहान तितका महाग, अशी चुरस लागली. या चुरशीने घोड्यांच्या शरीरावर काय परिणाम केला ते आता जनुकशास्त्राने दाखवून दिले आहे. केंटकी विद्यापीठातील संशोधकांना या जातीतील खुजेपणाचे मूळ ‘एकॅन’ या जनुकातील दोषांत सापडले. असा दोष आई-बाप दोघांकडून आला, तर वाकडे पाय, फुगलेले कपाळ आणि पुढे आलेला खालचा जबडा घेऊन शिंगरू जन्मते. काही तर जन्माआधीच दगावतात. वरून धडधाकट दिसणारा घोडाही या दोषाचा वाहक असू शकतो. आज यासाठी चाचणी उपलब्ध आहे. दुर्लक्षित कळपांत ती करणार कोण, हा प्रश्न वेगळा.

कळप हाताबाहेर कसा जातो

जप्तीच्या प्रकरणांतील प्रत्येक मालक निर्दय असतो असे मानण्याचे कारण नाही. अनेकदा हकीगत अगदी साधी असते. पैदाशीचा धंदा करणारे जोडपे म्हातारे होते, एक जण आजारी पडतो, बाजार पडतो, शिंगरांना गिऱ्हाईक मिळत नाही. नर खच्ची केलेले नसतात आणि घोड्या वेगळ्या बांधलेल्या नसतात, त्यामुळे दरवर्षी कळपात भर पडत राहते. पंधराचे तीस होतात, तिसांचे पन्नास. नालबंदाला बोलावणे आधी बंद होते, कारण त्याचा खर्च पुढे ढकलता येतो. मग जंताचे औषध थांबते आणि अखेर गवताचा भारा निम्म्यावर येतो. शेजाऱ्याला कुंपणापलीकडे दिसतात ते केसाळ, गोलमटोल पोटाचे घोडे; पोट जंतांनी किंवा निकस गवताने फुगले आहे आणि त्या केसांखाली पाठीचा कणा टोचतो आहे, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे तक्रारही उशिरा येते.

२००८ च्या मंदीने या साऱ्याला धार आणली. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या ‘जीएओ’ या यंत्रणेने २०११ मध्ये घोड्यांच्या स्थितीबाबत अहवाल दिला. कोलोरॅडो राज्यात घोड्यांच्या छळाच्या व दुर्लक्षाच्या चौकशांची संख्या २००५ मध्ये ९७५ होती, ती २००९ मध्ये १,५८८ वर गेल्याची नोंद त्यात आहे. हे आकडे सर्व आकारांच्या घोड्यांचे आहेत. अमेरिकेतील घोड्यांचे अखेरचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, हेही एक कारण असल्याचे अहवालाचे म्हणणे होते. नको असलेला घोडा संपवण्याची देशातील वाट बंद झाली, पण घोडा नकोसा होण्याचे थांबले नाही. २०१० मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार घोडे कत्तलीसाठी मेक्सिको आणि कॅनडात पाठवले गेले, आणि हलक्या घोड्यांचा भाव आणखी घसरला. कत्तलखाने बंद करणे चूक होते असा याचा अर्थ नाही. बंदीपाठोपाठ जी सोय उभी राहायला हवी होती ती राहिली नाही, एवढे मात्र खरे.

मुद्देमाल जिवंत असतो तेव्हा

चोरीचा दागिना पोलिसांच्या मुद्देमाल कक्षात वर्षभर पडून राहिला तर त्याचे काही बिघडत नाही. घोड्याला रोज वैरण-पाणी लागते. खटल्यातील पुरावा असल्याने त्याला विकता येत नाही, कोणाला कायमचा देता येत नाही आणि जिवाला धोका असल्याखेरीज त्याच्यावर मोठी शस्त्रक्रियाही कायद्याच्या दृष्टीने अडचणीची ठरते. घोडे पेंड खाते ते इथेच.

अमेरिकेत प्राणीछळाचे कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. टेक्सासने यातून काढलेला मार्ग उल्लेखनीय आहे. तेथे छळाचा फौजदारी खटला आणि प्राण्याच्या मालकीचा प्रश्न वेगळे केले आहेत. जप्तीचे वॉरंट निघाल्यापासून दहा दिवसांच्या आत न्यायालयापुढे सुनावणी ठेवावी लागते आणि जनावराला क्रूरपणे वागवले गेले असे सिद्ध झाले की मालकाचा हक्क तिथेच संपतो. मग घोडा संस्थेकडे सोपवता येतो, त्याचे खच्चीकरण करता येते, त्याला घर शोधता येते; फौजदारी खटला आपल्या गतीने चालू राहतो. इतर अनेक राज्यांत मालकाला सांगितले जाते की खटला चालेतो तुझ्या जनावरांच्या खर्चाची रक्कम न्यायालयात भर, अन्यथा हक्क सोड. मालकाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. अजून दोषी न ठरलेल्या माणसाची मालमत्ता एवढ्या घाईने काढून घ्यावी का, हा आक्षेप तेथील वकील घेतात आणि तो निराधार नाही. पण सुनावणीची तारीख पडत असताना पलीकडे चाळीस घोडे खात असतात.

ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने हालात असलेले जनावर तत्काळ ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना व निरीक्षकांना दिला आणि खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीही त्याच्या विल्हेवाटीचा आदेश देण्याची मुभा न्यायालयाला दिली. कायद्याची मोठी कसोटी लगेचच लागली. जानेवारी २००८ मध्ये बकिंगहॅमशायरमधील अॅमरशॅमजवळच्या स्पिंडल्स फार्म येथून शंभराहून अधिक घोडे, तट्टे व गाढवे हलवण्यात आली. तीसहून अधिक जनावरे तिथे मरून पडलेली होती. एवढी जनावरे एका संस्थेच्या आवाक्यातली नव्हती. आरएसपीसीए, रेडविंग्ज, हॉर्स ट्रस्ट आणि आज वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर या नावाने ओळखली जाणारी संस्था यांनी ती वाटून घेतली. २००९ मध्ये आरोपी दोषी ठरले, मुख्य आरोपीला तुरुंगवास झाला आणि घोडे पाळण्यास आजन्म बंदी घालण्यात आली. अपिलात ही दोषसिद्धी कायम राहीपर्यंत २०१० उजाडले होते. तोवर ही जनावरे संस्थांच्या खर्चाने जगत होती.

भारतात बुटक्या घोड्यांच्या कळपांचा प्रश्न नाही. मात्र जप्त जनावर ठेवायचे कुठे, हा प्रश्न इथेही तोच आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जप्त जनावराची रवानगी पांजरपोळात किंवा शुश्रूषागृहात करण्याची तरतूद करतो. २०१७ मध्ये केंद्राने खटल्यातील जनावरांच्या देखभालीसाठी स्वतंत्र नियम केले आणि खर्चासाठी आरोपीकडून बंधपत्र घेण्याची व्यवस्था केली. त्या नियमांवरून पुढे सर्वोच्च न्यायालयात वादही झाला. कायद्यातील दंडाची रक्कम मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये इतकीच राहिली. घोड्याच्या एका दिवसाच्या चंदीचाही त्यात निभाव लागत नाही.

मुंबईकरांना याचे जवळचे उदाहरण व्हिक्टोरियाचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी मौजेसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करण्यास वर्षभराची मुदत दिली. ती जप्ती नव्हती. तरीही घोड्यांचे व त्यांवर पोट असलेल्या कुटुंबांचे पुढे काय, हा प्रश्न त्या निकालाने समोर आणला. नंतरची बरीचशी चर्चा स्वाभाविकपणे गाडीवानांच्या भरपाईभोवती फिरली. गाडीतून सुटलेल्या घोड्याला कोण पोसणार, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

भुकेल्यापुढे भरले ताट नको

उपाशी घोडा दिसला की पोत्याने दाणा ओतावा असे कोणालाही वाटते. तसे केल्यास घोडा मरू शकतो. दीर्घकाळ उपासमार झालेल्या शरीरात एकदम पिष्टमय अन्न गेले की इन्सुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात. हृदय व श्वसन कोलमडून, नीट खायला लागलेला घोडा काही दिवसांतच दगावतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी यावर प्रयोग करून जो आहारक्रम सुचवला तो आज सर्वत्र वापरला जातो. मोठ्या घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो चांगल्या प्रतीचा वाळलेला लसूणघास, आणि पुढे आठवडाभरात हळूहळू वाढ. दाणा नाही. बुटक्या घोड्याला हेच प्रमाण वजनाच्या हिशेबाने, म्हणजे मुठी-दोन मुठींवर आणावे लागते. रात्रंदिवस दर चार तासांनी, तीस घोड्यांना. स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्याशिवाय हे होत नाही.

बुटक्या घोड्यांचा आणखी एक शत्रू आहे. तट्टे, गाढवे आणि मिनिएचर घोडे उपाशी राहिले की शरीरातील चरबी इतक्या वेगाने रक्तात उतरते की यकृताला ती पेलवत नाही. गाभण घोडीत हा धोका सर्वांत जास्त. मोठा घोडा एक दिवस चारा खाल्ला नाही तर चिंता. इथे एका दिवसात वैद्य बोलवावा लागतो. उलट टोकाला, तब्येत सुधारली आणि हिरव्या कुरणात मोकळे सोडले की हेच घोडे भराभर लठ्ठ होतात. मग खुराच्या आतील नाजूक पडद्यांना सूज येते. हा दाह इतका वेदनादायी असतो की घोडा पाऊल टाकायला नकार देतो, आणि आजार बळावला तर खुरातील हाड जागा सोडते. थोडक्यात, उपाशी ठेवले तरी संकट आणि भरपूर दिले तरी संकट.

किती सुधारणा झाली हे मोजण्यासाठी टेक्सासमधील संशोधक डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली एक ते नऊ अंकांची मोजपट्टी वापरतात. मान, खांद्याचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागी हाताने चाचपून अंक दिला जातो. एक म्हणजे हाडांचा सापळा, पाच म्हणजे बेताचे अंग, नऊ म्हणजे अतिलठ्ठ. न्यायालयातही हाच आकडा पुरावा म्हणून सांगितला जातो. घोडा फार वाईट दिसत होता, या साक्षीपेक्षा अंक एक होता ही साक्ष अधिक टिकते.

खुरांचे काम याहून चिकाटीचे. घोड्याचे खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात. वर्षानुवर्षे न कापलेले खूर मेंढ्याच्या शिंगासारखे वळतात, घोडा टाचेवर चालू लागतो आणि सांधे व स्नायूबंध वाकड्या स्थितीत आखडतात. क्ष-किरण छायाचित्रे पाहून नालबंद व पशुवैद्य मिळून टप्प्याटप्प्याने खूर आखूड करतात. पहिली कापणी झाली की घोडा लगेच दुडकू लागतो अशी दृश्ये चित्रफितींत दिसतात. त्यातील काहींना पुढे कायमचे लंगडेपण येते हे दिसत नाही. दातांचेही तसेच. मोठ्या घोड्याइतकेच दात लहान जबड्यात कोंबलेले असल्याने ते वेडेवाकडे येतात; चारा नीट चावला जात नाही, आणि न चावलेला चारा आतड्यात अडकून पोटशूळ उठतो.

शिवाय रक्ततपासणी. अमेरिकेत प्रत्येक जप्त घोड्याची ‘कॉगिन्स’ चाचणी केली जाते. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू शरीरात शिरला की आयुष्यभर जात नाही. अशा घोड्याला एक तर दयामरण द्यायचे, नाहीतर जन्मभर इतरांपासून दूर ठेवायचे. आपल्याकडे अशीच धास्ती ग्लँडर्सची असते. तो रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा मारावा लागतो.

जप्तीच्या पंचनाम्यात नोंदलेला आकडाही फार दिवस टिकत नाही. खच्ची न केलेल्या नरांसोबत राहिलेल्या घोड्या बहुधा गाभण निघतात आणि घोडीचे गाभणपण अकरा महिन्यांचे. खटल्याला वर्ष लागले तर तेवढ्यात कळप वाढलेला असतो. बुटक्या घोडीचे वेतही अवघड. शिंगराचे डोके तिच्या कटीच्या मानाने मोठे असते आणि अडलेल्या घोडीला मध्यरात्री मदत लागते. म्हणून मालकीचा निकाल लागताच संस्था पहिली गोष्ट करतात ती नरांच्या खच्चीकरणाची.

कोणते घर चालेल?

आता घोडा सुदृढ आहे, हक्क संस्थेकडे आला आहे. घर मिळायला हरकत नसावी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दूरध्वनी सर्वेक्षणाच्या आधारे, नकोसा घोडा सांभाळण्याची इच्छा व साधने आपल्याकडे आहेत असे मानणारी अमेरिकेत साडेबारा लाखांच्या घरात कुटुंबे असावीत, असा अंदाज मांडला गेला. घरांची वाण नाही, घोडा आणि घर यांची गाठ पडत नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला आणि पुढील अनेक दत्तक मोहिमा या विचारावर उभ्या राहिल्या. अर्थात आपण सांभाळू शकतो असे दूरध्वनीवर सांगणे आणि थंडीच्या दिवसांत पहाटे उठून पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडणे यांत अंतर आहे.

बुटक्या घोड्याच्या बाबतीत ही गाठ विशेष अवघड. त्याच्यावर मोठ्या माणसाला बसता येत नाही, आणि घोडा मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना रपेट हवी असते. याउलट ज्यांना तो आवडतो त्यांना पुष्कळदा कुत्र्याएवढे एक गोड जनावर हवे असते. अर्ज येतात ते असे: मागच्या अंगणात ठेवू, मुलांना आवडेल, नाताळची भेट म्हणून देऊ. अनेक शहरांच्या नियमांत हा घोडा पशुधनात मोडतो आणि निवासी वस्तीत ठेवता येत नाही, हे अर्जदाराच्या गावीही नसते. घोडा कळपाचे जनावर आहे. एकटा ठेवला तर झुरतो, भिंती चावतो, फेऱ्या मारत राहतो. त्यामुळे जबाबदार संस्था एकट्या घोड्यासाठी आलेला अर्ज बाजूला ठेवतात किंवा जोडी नेण्याचा आग्रह धरतात. कुत्र्यांचाही धोका असतो. मोठा घोडा कुत्र्याला लाथेने दूर ठेवतो. दोन मोकाट कुत्री बुटक्या घोड्याला सहज फाडू शकतात. म्हणून कुंपण आधी तपासले जाते. गुरांच्या काटेरी तारेखालून हा घोडा निसटतो तरी, नाहीतर तिच्यात अडकून रक्तबंबाळ तरी होतो.

सर्वांत चांगली घरे बहुधा तिथे मिळतात जिथे आधीच घोडे आहेत. म्हाताऱ्या घोड्याचा जोडीदार गेला आहे, शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा एकटेपणाने अस्वस्थ आहे, अशा ठिकाणी बुटका घोडा सोबती म्हणून उत्तम ठरतो. त्याला चारा कमी लागतो आणि जागाही थोडी पुरते. ब्रिटनमधील संस्था रपेटीसाठीचे आणि केवळ सोबतीसाठीचे घोडे असे वर्गच करतात, म्हणजे अर्जदाराची फसगत होत नाही. हलक्या गाड्यांना जुंपण्याची कला येणाऱ्यांकडेही हे घोडे रमतात.

सेवाप्राणी म्हणून त्यांच्या वापराची बरीच चर्चा झाली. १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात अंधांना वाट दाखवण्यासाठी घोडे शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या अपंग कायद्याच्या मार्च २०११ पासून लागू झालेल्या नियमांनी कुत्र्याखेरीज फक्त मिनिएचर घोड्याला दुकाने, कार्यालये, उपाहारगृहे येथे शक्य तिथे प्रवेश देण्याची तरतूद केली. कुत्र्याच्या दुप्पट-तिप्पट आयुष्य ही त्याची जमेची बाजू. विमान कंपन्यांसाठीच्या नियमांत मात्र २०२१ च्या आरंभापासून सेवाप्राणी म्हणजे केवळ कुत्रा असे ठरले. रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत जाऊन मन रमवणारे घोडेही आहेत. पण माणसाचा हात अंगाला लागला की दचकणाऱ्या, वर्षानुवर्षे कोंडलेल्या जनावराकडून ही अपेक्षा करणे अन्याय आहे. जप्त कळपातून असा शांत घोडा कधीतरी निघतो. देणगी मागण्याच्या पत्रकावर नेमका त्याचाच फोटो छापला जातो, आणि कोपऱ्यात तोंड फिरवून उभ्या असलेल्या उरलेल्या वीसजणांना अर्ज येत नाहीत.

अशांसाठी काही महिन्यांची सवय लागते. रोज त्याच वेळी तोच माणूस जाऊन नुसता जवळ बसतो, मग हातातून गवत, मग खरारा, मग गळ्यात दोर, शेवटी पाय उचलून देणे. पाय उचलू न देणारा घोडा नालबंदाला हाताळता येत नाही आणि नालबंदाविना घोडा पुन्हा पहिल्या अवस्थेला पोचतो. त्यामुळे हा धडा पुरा झाल्याखेरीज त्याला घरी पाठवणे धोक्याचे. अनेक संस्था या काळात घोडे तात्पुरत्या पालकांकडे ठेवतात. खर्च संस्थेचा, गोठा पालकाचा. पुष्कळदा हाच पालक पुढे कायमचा अर्ज करतो.

दत्तक देतानाचे करार कडक असतात. घोड्याची पैदास करायची नाही, विकायचा नाही, लिलावात न्यायचा नाही, पाहणीला नकार द्यायचा नाही. अमेरिकेत काही काळानंतर मालकी अर्जदाराकडे देणाऱ्या संस्था आहेत. ब्रिटनमध्ये रेडविंग्ज आणि वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर मालकी कधीच सोडत नाहीत. घोडा जन्मभर संस्थेचा राहतो, घर सांभाळणाऱ्याचे. स्वस्त लिलावांतून घोडे कत्तलीच्या व्यापाऱ्यांकडे जाण्याचा अमेरिकेतील अनुभव पाहता दुसरी पद्धत अधिक सुरक्षित वाटते. तिची किंमतही आहे: परत येणाऱ्या प्रत्येक घोड्यासाठी संस्थेला जागा राखून ठेवावी लागते.

काहींना घर मिळत नाहीच. सांधे आखडलेले, खुजेपणाच्या व्यंगाने श्वास घ्यायला त्रास होणारे, वय पंचविशीपुढे गेलेले घोडे आश्रयस्थानांत राहतात, आणि वेदना आवरत नसतील तर पशुवैद्याच्या सल्ल्याने त्यांना दयामरण दिले जाते. याबद्दल संस्थांवर टीका होते. पण आश्रयस्थानातील एक जागा अडली की पुढच्या छाप्यातील एका घोड्याला नकार द्यावा लागतो, हा हिशेब टीका करणाऱ्यांना करावा लागत नाही.

निरोगी घोड्यांच्या अर्जातही काही संस्था एक प्रश्न आवर्जून विचारतात. अर्जदार साठीचा असेल आणि घोडा आठ वर्षांचा, तर अर्जदारानंतर घोडा कोणाकडे जाणार, त्याचे नाव लिहावे लागते. नाव नसेल तर करारानुसार घोडा संस्थेकडे परत येतो.